बोरा बाजारचा जिना आणि दोन म्हातारे कॅमेरे

वीकेंडला मॉलमध्ये पाय दुखवून घेण्यापेक्षा एक शनिवार फोर्टमध्ये घालवा. फक्त भरलेलं पाकीट आणि रिकामं पोट घेऊन जाऊ नका!

सीएसएमटीच्या बाहेर आलात की निम्मी पब्लिक मोबाईल वर करून स्टेशनचा घुमट टिपत असते. तुम्ही घुमटाकडे पाठ करा आणि रस्ता ओलांडा. डी. एन. रोडच्या कमानींखालून दोन पावलं आत शिरलं की मुंबईचा आवाजच बदलतो. हातगाड्या, झेरॉक्सची घरघर, रबरी शिक्केवाले, वह्यांचे गठ्ठे, आणि मधूनच एखाद्या काचेमागे रांगेत बसलेले काळे कॅमेरे. हा बोरा बाजार. कॅमेऱ्याचं वेड असलेला मुंबईकर आयुष्यात एकदा तरी इथे येऊन उभा राहतोच. मग तो खिशात हात घालून उभा असो, नाहीतर खिशावर हात ठेवून!

भाग जुना आहे. इंग्रजांच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते : अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट. बाजारगेट याच बाजूला. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली गेली, पण दरवाजाचं नाव शेजारच्या रस्त्याला आजही चिकटून आहे. आणि कॅमेऱ्याचं म्हणाल, तर बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली १८५३ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. आगगाडी आणि फोटोग्राफी, दोन्ही खुळं या शहराला जवळपास एकदमच लागली.

आता तुम्ही विचाराल, आजच्या जमान्यात जुना डीएसएलआर कशाला? फोन आहे की! रास्त प्रश्न. कॅनन आणि निकॉन या दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मध्ये आले. लग्नवाले फोटोग्राफर मिररलेसकडे वळले आणि त्यांचे आधीचे कॅमेरे या गल्लीत येऊन विसावले. मी ज्या दोघांना बघायला गेले होते, ते तर त्याहूनही म्हातारे. एक कॅनन ५डी, २००५ चा. दुसरा निकॉन डी७००, २००८ चा.

माझं कारण मात्र स्वस्ताईचं नव्हतं. गिरगावात आमच्या आजीची चाळ आहे. तिमजली, लाकडी जिन्याची, सामाईक गॅलरीची. लग्न होऊन १९६१ मध्ये आजी तिथे आली, ती अजून तिथेच आहे. चाळीचा पुनर्विकास ठरलाय, सगळ्यांच्या सह्या झाल्यात आणि महिनाअखेर खोल्या रिकाम्या करून किल्ल्या द्यायच्या आहेत. मला त्या आधी चाळीचे फोटो हवे होते. खोलीचे, गॅलरीचे, पण सगळ्यात जास्त जिन्याचे. त्या जिन्यात भरदुपारीही संध्याकाळ असते. मधोमध वरपासून खालपर्यंत एक दोरखंड लोंबतो, चढताना धरायला. साठ वर्षं हात लागून लागून तो आता चांगला गुळगुळीत झालाय. आजी तो धरून एकेक पायरी उतरते. तो फोटो मला हवा होता.

फोनवर काढून पाहिला होता. माझा फोन चांगला आहे, ईएमआय अजून चालू आहे म्हणजे चांगलाच असणार! पण त्याची हुशारी आड येते. अंधार दिसला की तो आपणहून उजेड पाडतो. आमचा जिना त्याने सुपरमार्केटसारखा लख्ख करून दाखवला. शिवाय नाईट मोडमध्ये समोरच्या माणसाने हलायचं नाही. आता ऐंशी पार केलेल्या बाईला अर्ध्या पायरीवर 'स्टॅच्यू' म्हणणार का?

तर असा हा मामला. कपाटात काकाची फिल्मच्या काळातली निकॉरची ५० एमएम, १.८ ची लेन्स होती. बजेट तीस हजारांचं. आणि हाताशी एक शनिवार, कारण रविवारी फोर्ट झोपलेला असतो.

दुकान पहिल्या मजल्यावर. आणि गंमत बघा, वर जायला तसलाच लाकडी जिना! वळणावर एकच पिवळा दिवा आणि मधोमध दोरखंड. मी दोन मिनिटं तिथेच थांबले. मनात म्हटलं, चला, आज टेस्ट कुठे घ्यायची याचा प्रश्न मिटला.

दुकानाचे मालक साठीचे, चष्मा कपाळावर सरकवलेले. दोन्ही कॅमेरे काचेवर काढून ठेवले आणि पहिलंच वाक्य टाकलं, "मॅडम, यात रील नाही बनणार हां. पहिलेच सांगतो."

खरं होतं. दोघांतही व्हिडिओ नाही. व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर निकॉन डी९० हा ऑगस्ट २००८ मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात कॅननने ५डी मार्क २ जाहीर केला. म्हणजे डी७०० ची गाडी अवघ्या एक-दोन महिन्यांनी हुकली. फक्त फोटो काढणाऱ्या पिढीतले हे शेवटचे गडी. मला तेवढंच हवं होतं.

कागदावर पाहिलं तर दोघे सख्खे भाऊ वाटतात. ५डी १२.८ मेगापिक्सेलचा, डी७०० १२.१ चा. दोघेही 'फुल फ्रेम', म्हणजे आतला सेन्सर जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा मोठा. त्यामुळे काकाची ५० एमएम लेन्स फिल्मवर जेवढं दाखवायची तेवढंच इथेही दाखवते, फोटो आक्रसत नाही. दोघांनाही जुनी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डं लागतात, वहीच्या लेबलाएवढी जाडजूड. लॅपटॉपला ती लागणार नाहीत, वेगळा रीडर घ्यावा लागतो. मेगापिक्सेलचं म्हणाल तर बारा पुरतात. ३०० डीपीआयने साधारण १४ बाय ९ इंचांचा प्रिंट निघतो. भिंतीवर लावायला झक्कास! हे दोघे नवे असताना अमेरिकेत ५डी ३,२९९ डॉलरला होता आणि डी७०० २,९९९ डॉलरला. मला मालकांनी सांगितला तो भाव असा : ५डी अठरा हजार, डी७०० सत्तावीस हजार, दोन्ही नुसत्या बॉड्या.

नऊ हजारांचा फरक! मन लगेच ५डीकडे झुकलं. हातात घेतला तेव्हा तर आणखीच. रिकामा ८१० ग्रॅम, बोटांत छान बसतो. डी७०० म्हणजे ९९५ ग्रॅम, लेन्स लावली की किलोच्या वर. आपल्या लोकलच्या गर्दीत एक किलो म्हणजे काय, ते विरार-डोंबिवलीकरांना वेगळं सांगायला नको.

पण जुन्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा वय बघायचं असतं, आणि वय म्हणजे साल नव्हे. शटर किती वेळा उघडलंय, ते खरं वय. डी७०० ने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो. एक फोटो काढला, मालकांच्या कॉम्प्युटरवर उघडला, आकडा आला चौऱ्याऐंशी हजार. कंपनीने शटर दीड लाख वेळांसाठी तपासल्याचं सांगितलं होतं. ही काही गॅरंटी नव्हे, पण निदान अंदाज येतो. ५डी चं शटर एक लाखाचं. आणि तो किती चाललाय? पत्ताच नाही! या मॉडेलच्या फोटोत तो आकडा उमटत नाही. मीटर काढून टाकलेली टॅक्सी. मालक म्हणाले, "डॉक्टरसाहेबांचा होता, घरीच वापरलाय." सेकंडहँड बाजारातल्या प्रत्येक वस्तूचे आधीचे मालक डॉक्टर कसे असतात, हा एक संशोधनाचा विषय आहे.

५डी चं आणखी एक दुखणं गल्लीत सगळ्यांना ठाऊक असतं. आतला आरसा गोंदाने चिकटवलेला असायचा आणि काही कॅमेऱ्यांत तो वर्षांनी सुटायचा. कॅननने ते मान्य करून मोफत दुरुस्ती देऊ केली होती. दुरुस्त झालेल्या आरशाला कडेने आधाराच्या छोट्या पट्ट्या दिसतात. आता इतक्या वर्षांनी त्या मोफत सोयीवर भरवसा ठेवू नये, त्यामुळे लेन्स काढून आत डोकवायचंच. मी डोकावले. पट्ट्या होत्या. डॉक्टरसाहेबांना एक मार्क.

मग पांढऱ्या भिंतीचा फोटो, छिद्र अगदी बारीक करून, एफ १६ वर. सेन्सरवर धूळ असेल तर ती यात काळे ठिपके होऊन दिसते. ५डी मध्ये धूळ झटकायची सोय नाही, त्यामुळे भिंतीवर तीळ सांडल्यासारखं दिसलं. साफ होतं ते, घाबरायचं कारण नाही, पण भावात बोलायला बरं पडतं. डी७०० सेन्सरला कंप देऊन आपली धूळ आपणच झटकतो. त्याची तऱ्हा वेगळी. पकडीवरचं रबर फुगलं होतं आणि एका कोपऱ्यात सुटून आलं होतं, पावसातल्या चपलेच्या तळव्यासारखं. हे त्याच्या वयाला होतंच. नवं रबर मिळतं, चिकटवूनही देतात.

एवढं झाल्यावर मी विचारलं, "जिन्यात नेऊन बघू का?" मालकांनी माझ्याकडे बघितलं, मग लॅपटॉपच्या बॅगेकडे. "बॅग इकडे ठेवा. आणि रस्त्यावर नाही जायचं." फेअर डील.

५डी वर त्यांनी आपली कॅननची ५० एमएम, १.८ लावून दिली. डी७०० वर काकाची. दोन्हीचं छिद्र एफ २ वर. मी खालच्या वळणावर उभी राहिले आणि वरून कोणी येतंय का याची वाट पाहू लागले. फोर्टच्या जिन्यात वाट फार पाहावी लागत नाही. चहावाला पोऱ्या उतरत होता, हातात रिकाम्या ग्लासांची जाळी. त्याला विचारलं, फोटो काढू का? तो केस नीट करून पुन्हा दहा पायऱ्या वर गेला. नंतर तो आणखी तीनदा उतरला, मी न सांगता. शेवटी दोन कटिंग मागवून त्याचा हिशेब चुकता केला.

आयएसओ म्हणजे सेन्सरच्या संदेशाला किती जोर द्यायचा, ते. ५डी त्याच्या नेहमीच्या पट्ट्यात १६०० पर्यंत जातो, ओढून ताणून ३२०० पर्यंत. त्या पिवळ्या दिव्याखाली १६०० ला मला शटर मिळालं एका सेकंदाचा पंधरावा भाग. उभ्या माणसाला ते चालून जातं. उतरणाऱ्याला नाही. पोऱ्याचा चेहरा बरा आला, पण पाय आणि ग्लास धुरासारखे पसरले. ३२०० वर जरा सावरला, पण काळोखात आडव्या रेघा डोकावायला लागल्या. फोकससुद्धा मधल्या बिंदूवरच पक्का बसत होता, बाजूचे आठ बिंदू अंधारात चाचपडत होते.

डी७०० नेहमीच्या पट्ट्यातच ६४०० पर्यंत जातो. त्याचा सेन्सर निकॉनच्या डी३ मधला, जो २००७ मध्ये खेळ आणि बातम्यांच्या फोटोग्राफरांसाठी काढला होता. ६४०० वर तेच छिद्र, तोच दिवा, आणि शटर साठावा भाग. पोऱ्या स्पष्ट! दाणे दिसतात, नाही असं नाही, पण ते फिल्मच्या दाण्यांसारखे, बारीक रवा पडावा तसे. अंधार अंधारासारखा राहिला होता आणि दोरखंडाचा पीळ मोजता येत होता. फोकसला ५१ बिंदू, शिवाय पुढचा छोटा दिवा मदतीला.

मात्र आवाज! ५डी 'टप्' म्हणतो आणि गप्प बसतो. डी७०० 'खटाक्!' करतो. वरच्या मजल्यावरून कोणीतरी "कोण आहे रे?" असं विचारलं, इतका. दुपारी झोपलेल्या चाळीत हा आवाज किती शिव्या खाणार, याचा हिशेब मी तिथेच मांडला.

एवढ्यावर निकाल लागला असता. पण मालकांनी कॉम्प्युटरवर दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी लावले आणि खिडकीजवळ काढलेले चेहरेही उघडले. इथे ५डी ने मला गाठलं. खिडकीच्या उजेडात त्याच मालकांचा चेहरा ५डी मध्ये माणसाचा वाटत होता. गव्हाळ रंग, कानाच्या पाळीला थोडी लाली, कपाळावरच्या चष्म्याची चमक. डी७०० मध्ये तेच कपाळ जरासं हिरवट-पिवळं, अगदी बरोबर पण थोडं कोरडं. रॉ फाईल घेऊन घरी बसून दुरुस्त करता येतं, मला माहीत आहे. पण ऑफिसातून आठला घरी येणारी व्यक्ती किती दुरुस्त करणार, तेही मला माहीत आहे! दिवसाउजेडी माणसांचे फोटो काढायचे असतील, तर मी आजही डोळे झाकून ५डी सांगेन, आणि तोही कमी पैशांत.

"घ्या ना मग," मालक म्हणाले. "काकांची लेन्स पण चालेल. एक रिंग मिळते." हेही खरंच होतं. कॅननच्या बॉडीवर पातळ रिंग लावून निकॉनची लेन्स बसते, उलटं होत नाही. पण रिंग लावली की फोकस हाताने करायचा. डी७०० च्या पोटात मोटर आहे, त्यामुळे काकाची जुनी लेन्स त्यावर आपोआप फोकस करते. कॅनन घेतला तर त्यांची ५० एमएमसुद्धा घ्यावी लागणार, वर सेन्सरची सफाई, वर नवी बॅटरी. नऊ हजारांचा फरक बघता बघता चार-साडेचारांवर आला.

आणि खिडकी मला नकोच होती. आजीच्या खोलीत खिडकी आहे, पण आजी खिडकीत कुठे बसते? ती मोरीशी असते, स्टोव्ह ठेवायच्या त्या फळीशी, गॅलरीत दाराच्या आडोशाला, आणि जिन्यात. सगळ्या अंधाऱ्या जागा. चाळीत उजेड असतो तो पाहुण्यांना बसवतात तिथे.

डी७०० पंचवीस हजार पाचशेला दिला त्यांनी, रबर चिकटवून, चार्जर आणि दोन बॅटऱ्यांसकट. एक बॅटरी फुगलेली निघाली, ती समोरच बदलून घेतली. हे घरी नाही, दुकानातच बघायचं. बॅटरी आत जाते आणि पटकन बाहेर येते ना, एवढंच. कागदावर सीरियल नंबर लिहून सही-शिक्का घेतला, शिक्केवाले खालीच आहेत म्हटल्यावर!

पोटात कावळे ओरडत होते. खाली उडप्याकडे डोसा हाणला आणि मेट्रो पकडली. सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा टप्पा सुरू झाल्यापासून आजीकडे जाणं म्हणजे दोन स्टेशनांचा खेळ झालाय. या स्टेशनांसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती गेल्या. वर आलं की अजूनही क्षणभर कुठे उभे आहोत ते कळत नाही.

आजीने कॅमेरा हातात घेतला आणि तसाच परत दिला. "केवढा गं हा जड! वरवंटा आहे का काय?"

"तू नेहमीसारखी खाली उतर. माझ्याकडे बघू नकोस."

"साडी बदलू?"

"नको."

ती उतरली. उजवा हात दोरखंडावर, डाव्या हातात फुलांची पुडी आणायची पिशवी. ६४००, एफ २, साठावा भाग. खटाक्! तळमजल्यावरचे जोशीकाका बाहेर आले, काय फुटलं म्हणून. त्यांना सांगितल्यावर तेही दोरखंड धरून उभे राहिले, मग वरच्या मजल्यावरच्या दोघी आल्या. कोणीही खिडकीत जाऊन उभं राहिलं नाही. सगळ्यांना जिन्यातलाच हवा होता.

तासाभरात सव्वाशे फोटो झाले. आजीला मागच्या स्क्रीनवर एकेक दाखवला. तिने चष्मा लावून सगळे नीट बघितले, काही बोलली नाही. मग म्हणाली, "नळाचा काढलास का? चौकातल्या. तिथे मी किती पहाटे काढल्यात..."

नव्हता काढला. संध्याकाळचं पाणी सातला जातं आणि पावणेसात वाजले होते. तिने कोपऱ्यातली कळशी उचलली, मी कॅमेरा उचलला, आणि आम्ही पुन्हा जिना उतरायला लागलो.